बुद्धिमापनासाठी मूल न्यावे कोठे?

आपले मूल वयाच्या मानाने फार पुढचे बोलते, शाळेत जे शिकवतात ते त्याला आधीच ठाऊक असते आणि म्हणूनच की काय वर्गात त्याचे चित्त ठरत नाही, अशी जाणीव एखाद्या घरात झाली म्हणजे वडीलधाऱ्यांच्या मनात अभिमान आणि चिंता एकाच वेळी उत्पन्न होतात; आणि हल्लीच्या काळात कोणी शिक्षिका, कोणी शेजारी, कोणी परदेशस्थ आप्त यांच्या शिफारशीने त्या जाणिवेचे पर्यवसान बहुधा एकाच प्रश्नात होते, तो म्हणजे मुलाची बुद्धिमापन चाचणी करून घ्यायची तर ती कोठे. पुणे, मुंबई, नागपूर, नाशिक यांसारख्या शहरांत ही चाचणी घेणारी ठिकाणे आता पुष्कळ झाली आहेत. सरकारी रुग्णालयांतील मनोविकार विभाग आहेत, विद्यापीठांतील मानसशास्त्र विभाग आहेत, स्वतंत्र व्यवसाय करणारे मानसतज्ज्ञ आहेत, प्रज्ञावंत मुलांसाठीच स्थापन झालेल्या संस्था आहेत, आणि याच रांगेत बोटांचे ठसे घेऊन मुलाचे भवितव्य सांगणारी दुकानेही आहेत. फी विचारावी, घरापासूनचे अंतर पाहावे आणि यांतील एक ठिकाण निवडावे, हा मार्ग सोपा खरा. परंतु ज्या गोष्टीवरून मुलाविषयीचे आपले, शाळेचे आणि काही अंशी त्याचे स्वतःचेही मत बनणार, तिच्या बाबतीत याहून अधिक खातरजमा करून घेणे हे पालकांचे कर्तव्य आहे, असे मला वाटते.

त्यातली पहिली खातरजमा स्वतःच्या मनाशी करायची असते, आणि ती म्हणजे चाचणीतून निघणारा अंक नेमका कोणाला हवा आहे याची. आपल्याकडील बहुतेक दारांवर मानसतज्ज्ञाचा दाखला कोणी मागतच नाही, ही गोष्ट अनेक पालकांना खर्च होऊन गेल्यावर कळते. शासनाची शिष्यवृत्ती परीक्षा स्वतःच्या प्रश्नपत्रिकांवर चालते. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातून निघालेल्या नवोदय विद्यालयांत सहावीचा प्रवेश त्यांच्या स्वतःच्या निवड परीक्षेने मिळतो. मुंबईच्या विज्ञान शिक्षकांनी सुरू केलेल्या होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेची, तशीच गणित-विज्ञानाच्या ऑलिंपियाडांचीही रीत तीच. यांतील कोणत्याही कचेरीत बुद्ध्यंकाचा कागद रुजू केला तरी त्याचा उपयोग शून्य. मूल वर्गात का रमत नाही हे समजून घ्यायचे असेल, त्याला एक इयत्ता वर चढवावे की काय याचा निर्णय करायचा असेल, अथवा वाचन-लेखनात ते मागे आणि विचारात पुढे अशी विसंगती दिसत असेल, तर मात्र व्यक्तिशः घेतलेल्या चाचणीला खरे मोल आहे. चाचणी घेणाऱ्याने आरंभीच ‘तुम्हांला ही कशासाठी हवी?’ असे विचारले, आणि उत्तर ऐकून प्रसंगी ‘मग तुम्हांला तिची गरज नाही’ असेही सांगितले, तर आपण योग्य ठिकाणी आलो असे खुशाल समजावे.

ज्या मापाने मोजणार त्याची थोडी हकीकत ठाऊक असल्यास चौकशी करणे सोपे जाते. पॅरिसच्या शाळांतून मागे पडणाऱ्या मुलांना विशेष साहाय्य देता यावे, म्हणून फ्रेंच सरकारच्या सांगण्यावरून आल्फ्रेड बिने याने थिओडोर सिमोनच्या मदतीने १९०५ साली पहिली श्रेणी तयार केली. बुद्धी ही जन्मजात आणि अचल राशी आहे, या मताला बिनेचा विरोध होता. १९१२ साली विल्यम स्टर्न या जर्मन मानसशास्त्रज्ञाने मानसिक वयाला शारीरिक वयाने भागण्याची कल्पना मांडली, १९१६ साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात लुईस टर्मन याने तिला शंभराने गुणून बुद्ध्यंक रूढ केला, आणि मागे पडणाऱ्यांसाठी निघालेले हे साधन पुढे धावणाऱ्यांच्या निवडीकडे वळले. आपल्याकडे ते फार लवकर आले. त्या वेळच्या मुंबई इलाख्यात मोडणाऱ्या धारवाडला डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी १९३४ च्या सुमारास मराठी आणि कानडी मुलांसाठी बिनेच्या श्रेणीचे रूपांतर सिद्ध केले, आणि १९३७ साली मुंबईत टाटांच्या समाजकार्य संस्थेने बालमार्गदर्शन केंद्र उघडले. पुढे नागपूरला डॉ. आर्थर मालिन यांनी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ वेक्स्लर यांच्या १९४९ सालच्या बालश्रेणीवरून भारतीय मुलांसाठी केलेली श्रेणी १९६९ साली प्रसिद्ध झाली. कामतांची आणि मालिनांची, या दोन्ही श्रेण्या आजही महाराष्ट्रातील अनेक दवाखान्यांच्या कपाटांत आहेत, आणि आपल्या मुलाची चाचणी त्यांपैकीच एकीवर होण्याचा संभव पुष्कळ आहे.

या दोन्ही विद्वानांचे ऋण मोठे आहे, कारण परकीय मापे जशीच्या तशी न वापरता आपल्या मुलांना पारखून ती बसवली पाहिजेत, हे त्यांनी प्रत्यक्ष करून दाखवले. परंतु श्रेणीचे प्रमाणक म्हणून जो तक्ता असतो, म्हणजे अमुक वयाची मुले साधारणतः किती प्रश्न सोडवतात याची जी नोंद असते, ती वर्षांच्या ओघात शिळी होते. न्यूझीलंडमधील अभ्यासक जेम्स फ्लिन यांनी गेल्या शतकाच्या नवव्या दशकात दाखवून दिले की, पुष्कळ देशांतून दर पिढीची मुले त्याच चाचणीत मागच्या पिढीहून वरचढ ठरत गेली, आणि ही वाढ कित्येक ठिकाणी दर दहा वर्षांना सुमारे तीन गुण इतकी होती. तेव्हा पन्नास वर्षांपूर्वीच्या मुलांशी आजच्या मुलाची तुलना केली, तर आकडा फुगून येणार हे उघड आहे. दुसरी अडचण अशी की, मानसिक वयाचा भागाकार करणाऱ्या जुन्या पद्धतीत आठ वर्षांच्या मुलाने दहा वर्षांच्या मुलाइतके केले म्हणजे बुद्ध्यंक १२५ होतो, तर वेक्स्लरच्या पद्धतीत मूल आपल्याच वयाच्या मुलांत कितव्या स्थानी आहे, यावरून अंक ठरतो. तेथे १३० म्हणजे शंभरांतील वरच्या दोघांत. त्यामुळे एका दवाखान्यातील १४० आणि दुसऱ्या दवाखान्यातील १४० यांची किंमत एक नव्हे. आपण चाचणी कोणती वापरता, तिचे प्रमाणक कोणत्या सालचे, आणि ते भारतीय मुलांवरून बसवलेले आहेत काय, हे तीन प्रश्न टेलिफोनवरच विचारून घ्यावेत. जाणत्या तज्ज्ञाला त्यांचा राग येत नाही. वेक्स्लरच्या श्रेणीची भारतीय मुलांवर बसवलेली अलीकडची आवृत्ती उपलब्ध आहे, आणि ज्याच्याकडे ती आहे तो ते आनंदाने सांगतो.

पुण्याच्या ज्ञान प्रबोधिनीचा उल्लेख येथे केलाच पाहिजे. डॉ. वि. वि. उपाख्य आप्पा पेंडसे यांनी १९६२ साली ही संस्था स्थापन केली आणि १९६९ साली तिची प्रशाला सुरू झाली. प्रज्ञावंत मुलांना वेगळे शिक्षण दिले पाहिजे आणि त्या शिक्षणाचे तोंड समाजाच्या गरजांकडे असले पाहिजे, हा विचार ज्या काळी फारसा कोणी बोलत नव्हते, त्या काळी या माणसाने तो संस्थारूपाने उभा केला. तेथील मानसशास्त्र संशोधिकेने बुद्धीकडे एकाच अंकाच्या रूपाने न पाहता, अमेरिकन मानसशास्त्रज्ञ गिलफर्ड यांच्या मांडणीला अनुसरून तिच्या अनेक घटकांचा विचार केला आणि मराठी मुलांसाठी कसोट्या रचल्या. चाचणी घेणारे आणि चाचणीनंतर त्या मुलाला शिकवणारे एकाच छपराखाली असले, म्हणजे कसोटीचे काम प्रमाणपत्राशी संपत नाही. अंकाचा खरेखोटेपणा वर्गात रोज तपासला जातो. मात्र जेथे प्रवेश हवा तेथील संस्था स्वतःची कसोटी घेते, म्हणून त्याआधी बाहेरून वेगळी चाचणी करून नेण्याची पालकांची धडपड व्यर्थच असते. आणि घोकून घेणाऱ्या वर्गांत मुलाला महिनोन्‌महिने बसवले, तर त्या कसोटीला जे मोजायचे आहे तेच आपण झाकून टाकतो.

आता प्रत्यक्ष त्या खोलीत काय घडते ते पाहू, कारण ठिकाणाची निवड म्हणजे अखेर त्या खोलीतील माणसाची निवड होय. टेबलाच्या एका बाजूला मूल, दुसऱ्या बाजूला परीक्षक, मध्ये लाल-पांढऱ्या ठोकळ्यांचा एक संच आणि परीक्षकाच्या हाताशी वेळ मोजण्याचे घड्याळ. समोरच्या चित्रातील आकृतीप्रमाणे ठोकळे जुळवायचे असतात. एखादी आठ वर्षांची मुलगी आकृती क्षणात ओळखते, ठोकळे बरोबर मांडते, पण मग त्यांच्या कडा बोटाने सरळ करीत बसते. दोन ठोकळ्यांमधली बारीक फट तिला सहन होत नाही. आणि घड्याळ चालूच असते. गुणपत्रकावर तिला वेळेचे गुण कमी पडतात. दिवसाला आठ मुलांच्या चाचण्या उरकणारा परीक्षक तेवढाच आकडा लिहील. जो जाणता आहे तो शेजारी शिसपेन्सिलीने नोंद करील की, आकृतीचे आकलन तत्काळ झाले, विलंब नीटनेटकेपणाच्या आग्रहामुळे, आणि अहवालात तर्कशक्तीचे गुण व वेगाचे गुण निरनिराळे काढून या मुलीच्या बाबतीत एकत्रित अंकावर भिस्त ठेवू नये असे स्पष्ट लिहील. वाचनदोष असलेली, पण विचाराने विलक्षण प्रगल्भ अशी कितीतरी मुले केवळ एका बेरजेमुळे सामान्य ठरतात. दोन टोके एकमेकांना खोडून मध्याचा अंक देतात. अशा मुलासाठी शाळेतून सामुदायिक पद्धतीने घेतलेली कागदी चाचणी पुरेशी नाही. तेथे एका मुलामागे एक माणूसच लागतो, आणि त्याला दीड-दोन तास फुरसद असावी लागते.

भाषेचा प्रश्न याच खोलीतला. मराठी माध्यमात शिकणाऱ्या मुलाला शब्दांचे अर्थ इंग्रजीत विचारले, अथवा परीक्षकाला मराठी येत नाही म्हणून ऐन वेळी हिंदीत तोंडी भाषांतर करून विचारले, तर जे मोजले जाते ते बुद्धी नव्हे, मुलाला ती परकी भाषा किती येते हे. शहरांतून हा प्रकार घडतो आणि पालक बाहेर बाकावर बसलेले असल्यामुळे त्यांना कळतही नाही. याच्या उलट, घरी मराठी आणि शाळेत इंग्रजी अशा दुहेरी वातावरणात वाढणाऱ्या मुलाचे उत्तर ज्या भाषेत येईल त्या भाषेत घेण्याची मुभा त्या श्रेणीत आहे की नाही, हेही आधी विचारावे. मुलाला त्याच्याच भाषेत तपासणारा तज्ज्ञ दुसऱ्या गावी असेल, तर तेथवर जाण्याचा खर्च सत्कारणी लागतो.

माणसाची पात्रता तपासण्यासाठी एक साधा उपाय आहे. १९९२ च्या कायद्याने वैधानिक दर्जा मिळालेल्या भारतीय पुनर्वसन परिषदेकडे क्लिनिकल सायकॉलॉजिस्टांची नोंदणी होते. दारावरच्या पाटीपेक्षा तो नोंदणी क्रमांक अधिक बोलका असतो आणि तो विचारण्यात संकोच नसावा. मूळ संच आणि मूळ उत्तरपत्रिका वापरतात, की कोठून तरी आणलेल्या झेरॉक्स प्रतींवर काम चालते, हेही विचारावे. सरकारी आणि महापालिकेच्या रुग्णालयांत फी अल्प असते व माणसे अनुभवी असतात. पण त्यांचा बहुतेक वेळ अध्ययन-अक्षमतेचे अथवा मतिमंदत्वाचे दाखले देण्यात जातो, रांग लांब असते, आणि पुढे धावणाऱ्या मुलासाठी सविस्तर अहवाल लिहिण्याची सवड त्यांना मिळेलच असे नाही. विद्यापीठांच्या विभागांत कधी कधी विद्यार्थी-प्रशिक्षणार्थी चाचणी घेतात. वर देखरेख करणारे अध्यापक असतील तर माझ्या मते ते उत्तमच, कारण शिकणारा माणूस प्रत्येक नियम पाळतो. खाजगी तज्ज्ञाकडे जाताना मात्र फीत काय काय येते, चाचणी, लेखी अहवाल आणि नंतरची भेट मिळून किती, याचा तपशील आधी घ्यावा. नुसता अंक लिहिलेली अर्ध्या पानाची चिठ्ठी देणाऱ्याकडे जाऊ नये. अहवालात उपचाचण्यांचे गुण असावेत, चाचणीची तारीख असावी, आणि अंकाच्या दोन्ही बाजूंची मर्यादा दिलेली असावी. मूल त्या दिवशी १२८ वर आले, याचा शास्त्रशुद्ध अर्थ त्याचे खरे स्थान साधारण १२२ ते १३४ च्या दरम्यान कोठेतरी असावे, इतकाच असतो. ही मर्यादा न सांगता ‘दोन गुणांनी हुकले’ असे जो सांगतो, त्याला आपले साधन कळलेले नाही.

बोटांच्या ठशांवरून बुद्धी सांगणाऱ्यांविषयी थोडक्यात पण निःसंदिग्धपणे लिहिले पाहिजे. बोटांवरील रेषा मूल आईच्या पोटात असतानाच, पाचव्या महिन्यापर्यंत, ठरून जातात. त्यांवरून तर्कशक्ती, स्मरणशक्ती अथवा पुढची नोकरी सांगता येते याला कसलाही शास्त्रीय आधार नाही. तरीही शाळांच्या सभागृहांतून याची शिबिरे भरतात, रंगीत आलेखांच्या जाड फायली हजारो रुपये घेऊन दिल्या जातात, आणि पुष्कळदा शाळेची परवानगी हीच त्यांची एकमेव शिफारस असते. डोळे बांधून रंग ओळखायला लावणारी, मेंदू जागृत करून देण्याची हमी देणारी शिबिरेही याच पंक्तीची. मुख्याध्यापकांनी अशांना आवारात पाऊल टाकू देऊ नये. ज्या पालकाने कष्टाचे पैसे साठवून आपल्या लेकराचे भले पाहिले, त्याची ही उघड फसवणूक आहे, आणि ती शाळेच्या छपराखाली घडावी याचे मला अतिशय दुःख होते.

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी कुटुंबांचा प्रश्न वेगळा आहे, कारण तेथे बुद्धिमान मुलांसाठी वेगळे वर्ग सार्वजनिक शाळांतूनच असतात आणि त्यांत प्रवेश कसा द्यावा याचे नियम जागोजाग बदलतात. बहुतेक ठिकाणी पहिली पायरी शाळाच घेते : शब्द, संख्या आणि आकृती अशा तीन भागांची ‘कॉगॅट’सारखी सामुदायिक चाचणी, वर्गातच आणि विनामूल्य. तेथे हुकलेल्या अथवा अधिक स्पष्टता हवी असलेल्या मुलाला खाजगी मानसतज्ज्ञाकडे नेऊन, सहा ते सोळा वर्षांच्या मुलांसाठी २०१४ साली निघालेल्या वेक्स्लर श्रेणीच्या पाचव्या आवृत्तीवर तपासण्याची वहिवाट आहे. परंतु बाहेरचा अहवाल मान्य करणे न करणे हे त्या त्या शालेय जिल्ह्याच्या अखत्यारातील आहे. काही जिल्हे तो घेतात, काही आपल्या यादीतल्याच तज्ज्ञाचा घेतात, काही मुळीच घेत नाहीत. म्हणून पैसे भरण्यापूर्वी जिल्ह्याच्या कचेरीकडून लेखी उत्तर मागवावे. उन्हाळ्याच्या सुटीत पुण्याला आल्यावर स्वस्तात चाचणी उरकून घेऊ, हा बेत पुष्कळांच्या मनात येतो. तो सोडून द्यावा. भारतीय प्रमाणकांवर काढलेला अंक तिकडच्या दफ्तरात बहुधा स्वीकारला जात नाही, आणि तीच श्रेणी मुलाने एकदा हाताळली म्हणजे निदान वर्षभर तिचा निकाल निर्मळ राहत नाही, त्यामुळे तिकडची खरी संधीही बिघडते. याच कारणास्तव येथेही एका ठिकाणचा अंक आवडला नाही म्हणून आठवड्यात दुसरे ठिकाण गाठू नये. आणि गाठलेच, तर पहिल्या चाचणीची गोष्ट दुसऱ्या तज्ज्ञापासून लपवू नये.

त्याच देशातील एक अनुभव आपल्याला फार उपयोगी पडण्यासारखा आहे. फ्लोरिडातील ब्रोवर्ड या मोठ्या शालेय जिल्ह्यात मुलाची चाचणी पालकांच्या अथवा शिक्षकांच्या शिफारशीवरून होई, तेव्हा प्रज्ञावंतांच्या वर्गात सुखवस्तू घरची मुलेच प्रामुख्याने दिसत. २००५ पासून जिल्ह्याने दुसरीच्या सर्वच मुलांना शब्दांवर अवलंबून नसलेली एक छोटी चाचणी देण्यास प्रारंभ केला, आणि कृष्णवर्णीय, स्पॅनिशभाषक व गरीब घरची कितीतरी मुले, जी कोणाच्या नजरेसच आली नव्हती, ती निवडली गेली. पुढे नोबेल पारितोषिक मिळवणारे अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड कार्ड आणि त्यांच्या सहकारी लॉरा जुलियानो यांनी हा सारा हिशेब मांडला आहे. खर्चकपातीत ती व्यवस्था बंद पडताच प्रमाण पुन्हा पूर्वस्थितीला गेले.

आपल्याकडे अशी सर्वांना समान संधी देणारी पाहणी नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात विशेष प्रतिभेच्या मुलांना साहाय्य देण्याचा उल्लेख आहे, परंतु नंदुरबारच्या अथवा गडचिरोलीच्या एखाद्या आश्रमशाळेतील मुलीला उद्या कोठे न्यावे, याचे उत्तर त्यातून मिळत नाही. तिच्या शिक्षकाला करता येण्याजोगे मात्र काही आहे. ती काय विचारते, कोणते गणित कोणत्या वेगळ्या रीतीने सोडवते, ऐकलेली गोष्ट किती दिवसांनी किती अचूक सांगते, याची तारीखवार टिपणे एका वहीत ठेवावीत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली जिल्ह्याच्या ठिकाणी जी शीघ्र हस्तक्षेप केंद्रे उघडली, त्यांच्या आराखड्यात मानसतज्ज्ञाची जागा आहे. ती केंद्रे मागे पडलेल्या मुलांसाठी असली, तरी त्या तज्ज्ञाकडे ती वही घेऊन जाऊन, या मुलीला मराठीत अथवा तिच्या बोलीत तपासता येईल काय, अशी विचारणा शिक्षकाने अवश्य करावी. नकार मिळाल्यास लेखी मागावा आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे अर्जासोबत जोडावा. अशा अर्जांची संख्या जिल्हा परिषदेच्या दफ्तरात दिसू लागल्याखेरीज या कामासाठी पैसा मंजूर होणार नाही.